पेरियमेटचं पाकीट

पाकीट पँटच्या मागच्या खिशात ठेवून बसू नका, हे मला हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं. उजव्या खुब्यातून मांडीच्या मागून थेट पोटरीपर्यंत कळ जायची. लोकलमध्ये उभं असताना काही नाही, ऑफिसात दोन तास बसलं की पाय आखडायचा. डॉक्टरांनी पाय वर-खाली करून पाहिला आणि मग खिशातलं पाकीट टेबलावर काढून ठेवायला लावलं. चांगलं बोटभर जाड होतं. एवढ्या जाडीवर माणूस रोज बसला की कंबर एका बाजूला कलते, खुब्यातला पिरिफॉर्मिस नावाचा स्नायू आवळतो आणि त्याच्या खालून जाणारी सायटिक नस दाबली जाते. दुखणं नवं नाही. १९७८ सालीच अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात यावर टिपण आलं होतं, आणि त्यातही दोष क्रेडिट कार्डांच्या पाकिटालाच दिला होता.

गोळ्या थोड्याच दिल्या. पाकीट त्याच दिवशी पुढच्या खिशात आलं, आणि तिथे ते मावेना.

घरी येऊन सगळं पलंगावर ओतलं. दोन बँकांची चार कार्डं, आधार, पॅन, लायसन्स, ऑफिसचं ओळखपत्र, लोकलचा सीझन पास, मेट्रोचं सिंगारा चेन्नई कार्ड, शाई उडून कोऱ्या पडलेल्या पावत्या, रेणावीच्या रेवणसिद्धाच्या अंगाऱ्याची पुडी, आणि या सगळ्याच्या मध्ये चुरगळलेल्या नोटा. आधार आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये आहेत, आणि लायसन्स फोनवर दाखवलं तरी ग्राह्य धरावं असं केंद्र सरकारनं २०१८ सालीच राज्यांना कळवलेलं आहे. म्हणजे ती दोन्ही घरी राहू शकत होती. बाजूला काढत काढत शेवटी उरलं ते एवढंच: बँकेची दोन कार्डं, मेट्रोचं कार्ड, ओळखपत्र, सीझन पास आणि नोटा. अंगाऱ्याची पुडी बायकोनं देवघरात ठेवली.

आता एवढ्यासाठी पाकीट कसलं घ्यायचं, हा प्रश्न. बहिणीचा मुलगा डॅलसला असतो. दिवाळीला आला तेव्हा माझं दुखणं त्याला कळलं होतंच. “मामा, आता हेच वापरायचं,” म्हणून त्यानं एक छोटा काळा डबा हातात दिला. आत अ‍ॅल्युमिनियमचं पाकीट. कार्डाएवढ्या दोन पट्ट्या, मध्ये इलॅस्टिक, कोपऱ्यांना बारीक स्क्रू आणि पाठीला नोटांसाठी क्लिप. त्याच्या पिढीत सगळे हेच वापरतात म्हणाला. वस्तू देखणी होती आणि मी ती मनापासून वापरली.

या पाकिटाचं कौतुक आधी सांगतो, कारण ते खरं आहे. बँकेचं कार्ड जगात कुठेही घ्या, त्याचं माप एकच: ८५.६० मिलिमीटर लांब, ५३.९८ मिलिमीटर रुंद, ०.७६ मिलिमीटर जाड. आंतरराष्ट्रीय मानकानं ते ठरवून दिलेलं आहे, आणि त्यामुळेच धातूच्या पट्ट्या अगदी काटेकोर कापता येतात. सहा कार्डं एकावर एक ठेवली तरी जाडी पाच मिलिमीटरच्या आत. कार्ड वाकत नाही, चिप तडकत नाही. इलॅस्टिक एक कार्ड असलं तरी धरून ठेवतं आणि आठ असली तरी. चामड्याच्या कप्प्यात एकदा आठ कोंबली की तो कायमचा सैल पडतो. पुढे दोनच ठेवली की ती गळतात. ही धातूची खरी जमेची बाजू आहे आणि ती मी आजही मान्य करतो.

अडचण नोटांपासून सुरू झाली. आपल्या नोटा एका मापाच्या नाहीत. पाचशेची १५० बाय ६६ मिलिमीटर, दोनशेची १४६ बाय ६६, शंभरची १४२ बाय ६६, आणि दहाची १२३ बाय ६३. पाचशेची नोट एकदा दुमडली की ७५ बाय ६६ होते. पट्टीची रुंदी ५४. म्हणजे नोट बोटाच्या पेराएवढी बाहेर डोकावते, म्हणून ती पुन्हा दुमडायची. दहा नोटा अशा चौघडी करून ठेवल्या की चाळीस थर होतात आणि क्लिप तोंड वासते. अमेरिकेत एक डॉलर काय आणि शंभर डॉलर काय, नोट एकाच मापाची, आणि भाचा तर नोटा बाळगतच नाही. त्याच्या खिशासाठी पाकीट बरोबरच होतं. भाजीवाल्या अक्कांकडून दहा-वीसच्या मऊ पडलेल्या नोटा परत घेणाऱ्या माणसाचा खिसा वेगळा असतो.

मी चेन्नईत क्रोमपेटला राहतो. सकाळी लोकलनं गिंडीपर्यंत, तिथून मेट्रोनं थाउजंड लाइट्सला ऑफिस. गिंडीला मेट्रोच्या गेटवर कार्ड टेकवायचं असतं. सिंगारा चेन्नई कार्ड नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डाच्या पद्धतीचं आहे, त्यात पैसे कार्डावरच भरलेले असतात आणि गेट ते रेडिओ लहरींनी वाचतं. धातू या लहरी अडवतो. जाहिरातीत ज्याचा गाजावाजा असतो ते हेच गुणवैशिष्ट्य, की चोराला तुमचं कार्ड बाहेरून वाचता येत नाही. पण मग गेटलाही वाचता येत नाही. अंगठ्यानं खालून ढकलायचं, सगळी कार्डं पंख्यासारखी पसरतात, त्यातून मेट्रोचं ओढायचं, टेकवायचं, परत आत सारायचं. आणि मागे गिंडीची सकाळची गर्दी. मागच्या माणसाचं “सार्, कोंजम् सीक्रम्”, म्हणजे जरा लवकर, ऐकत रोज हे करणं मला नको वाटायला लागलं.

ती चोराची भीती किती खरी, तेही तपासून पाहिलं. टॅप करायचं कार्ड जेमतेम चार सेंटिमीटरवरून वाचलं जातं. आपल्याकडे पिन न टाकता फक्त पाच हजारांपर्यंतचा व्यवहार होतो. ही मर्यादा १ जानेवारी २०२१ला दोन हजारांवरून वाढवली. दर व्यवहाराला चिप नवा सांकेतिक आकडा तयार करते, तेव्हा एकदा चोरलेला आकडा दुसऱ्यांदा चालत नाही. शिवाय बँकेच्या अ‍ॅपमध्ये टॅपची सोय बंद ठेवता येते. मी ती दोन्ही कार्डांवर बंद केली आणि विषय संपवला. चेन्नईत जपायचं ते सेंट्रल स्टेशनबाहेरच्या बसला चढताना पडणाऱ्या हातापासून, आणि त्या हाताला पाकीट धातूचं की चामड्याचं याच्याशी काही देणंघेणं नसतं.

आता घामाचं. मे महिन्यातल्या कत्तिरीच्या उन्हात क्रोमपेटच्या फलाटावर दहा मिनिटं उभं राहिलं की पँटचा पुढचा खिसा ओला होतो. हा घाम पट्ट्यांच्या फटीतून आत शिरतो आणि तिथेच राहतो, कारण धातू पाणी शोषत नाही आणि इलॅस्टिक एकदा भिजलं की दुपारपर्यंत वाळत नाही. कागदी सीझन पास दोन कार्डांच्या मध्ये असायचा. त्याचा एका उन्हाळ्यात लगदा झाला. तिकीट तपासनीस सज्जन होता, ओळखपत्र पाहून सोडलं. त्यानंतर पास मी शर्टाच्या खिशात ठेवायला लागलो, आणि पाकिटातली वस्तू पाकिटाबाहेर ठेवावी लागली याचं मला मनापासून वाईट वाटलं.

नोटा कशाला हव्यात, यूपीआय आहे ना, असं भाचा म्हणतो. डिसेंबरात चेन्नईत राहिलेला माणूस असं म्हणणार नाही. २०१५च्या पुरात दिवे गेले, फोन गेले, एटीएम बंद पडली. २०१६ला ८ नोव्हेंबरची नोटाबंदी झाली आणि १२ डिसेंबरला वरदा वादळ शहरावर आलं. नोटा मिळत नव्हत्या आणि वीज नसल्यामुळे कार्डाची मशिनंही चालत नव्हती. दूध घेताना ओळखीच्या दुकानदारानं वहीत लिहून घेतलं म्हणून भागलं. २०२३च्या डिसेंबरात मिचॉंग वादळ आलं तेव्हा पुन्हा आमच्या भागात नेटवर्क नव्हतं, आणि पाण्यातून आलेल्या पाण्याच्या कॅनवाल्याला रोख द्यायला माझ्याकडे शंभराच्या नोटा होत्या. पाकिटात नोटांना नीट जागा हवी, हा माझा आग्रह तिथून आला आहे. त्यावर तडजोड नाही.

इथे आमच्या तात्यांचा सल्ला कामी आला. तात्या खानापूर तालुक्यातले, सौकारपेटेत गलाईचा व्यवसाय. विटा, खानापूर, आटपाडी या कोरडवाहू पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी शुद्ध करण्याच्या या धंद्यात देशभर पसरली आहेत. गाव असं सापडणार नाही की जिथे सराफ कट्ट्याच्या मागे विट्याकडचा गलाईवाला नाही. सराफाच्या दुकानातला केर, घासकाम, जुने दागिने, सगळं वितळवून, आम्लात घालून त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं. धातूबद्दल बोलायचं तर आमच्या ओळखीत त्यांच्याइतका अधिकार कुणाचा नाही. गणेशोत्सवात भेटलो तेव्हा मी पाकीट त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी आधी ते काट्यावर ठेवलं. एकसष्ट ग्रॅम, रिकामं. मग स्वतःचं चामड्याचं पाकीट रिकामं करून ठेवलं. चौतीस. त्यांचं पाकीट काळं पडलेलं, एका कडेला आम्लाचा डाग, दोन ठिकाणी निराळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं.

“हे जर्मनचं आहे,” ते म्हणाले. आमच्याकडे गावाला अ‍ॅल्युमिनियमला जर्मनच म्हणतात. “वस्तू चांगली. गंजणार नाही, सडणार नाही. पण हा दोरा,” म्हणून त्यांनी इलॅस्टिक ताणून दाखवलं, “हा सैल पडला की काय करणार तुम्ही? कंपनीला लिहिणार. आमचं हे उसवलं तर कोपऱ्यावरचा चांभार पाच मिनिटांत शिवतो.” मग म्हणाले, “तुम्ही पेरियमेटला जावा. सेंट्रलच्या पलीकडं. इथनं चालत जाता येतंय.”

मी गेलो. आणि पेरियमेटला जे बघितलं त्यानं या प्रश्नाकडे पाहण्याची माझी नजरच बदलली.

सिडनहॅम्स रोडवर ओळीनं चामड्याची दुकानं आहेत. गुंडाळ्या करून उभी ठेवलेली कातडी, बकल, झिपा, खिळे, गोंदाचे डबे, चपलेचे तळ. वास असा की गल्लीच्या तोंडाशीच कळतं. मी ज्या दुकानात शिरलो त्याचे मालक वाणियंबाडीकडचे, उर्दू बोलणारे. जुन्या उत्तर अर्काट जिल्ह्यातल्या वाणियंबाडी, आंबूर, पेर्णांबट, राणीपेट या गावांतली अनेक घरं पिढ्यान्‌पिढ्या याच धंद्यात आहेत. मी म्हटलं, पातळ पाकिटासाठी चामडं हवंय. त्यांनी विचारलं, “क्रोम का, या ईआय?”

हा प्रश्न मला तोवर कुणीही विचारला नव्हता. चामडं म्हणजे चामडं, एवढंच मी धरून चाललो होतो.

मालकांचा मुलगा अड्यारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत शिकलेला. १९४८ साली निघालेली ही संस्था. नायुदम्मांसारख्या संचालकांनी ती नावारूपाला आणली. त्या मुलानं गल्ल्यावरच दोन तुकडे ठेवून समजावलं. एक क्रोमचा, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेला. काम एखाद्या दिवसात होतं, चामडं मऊ राहतं, पाण्याला दबत नाही, उकळत्या पाण्यातही आकसत नाही. दुसरा झाडाच्या सालीत कमावलेला, ज्याला कित्येक आठवडे लागायचे. याला ईस्ट इंडिया, म्हणजे ईआय चामडं म्हणतात. एकोणिसाव्या शतकात मद्रासहून हे अर्धवट तयार चामडं जहाजं भरभरून विलायतेला जाई. आता त्याला भौगोलिक मानांकनही आहे.

मग त्यानं तुकड्यांच्या कडा दाखवल्या. क्रोमच्या तुकड्याला वरून तपकिरी रंग दिलेला, पण कापलेल्या कडेत आत निळसर राखाडी रेघ. ईआयचा तुकडा आरपार एकाच रंगाचा, कच्च्या बदामाच्या सालीसारखा. त्यावर बोट ओलं करून ठेवलं की डाग गडद होतो आणि हळूहळू परत जातो. दोन्हीची एकेक धांदोटी कापून त्यानं काडीपेटीनं जाळली. क्रोमची राख हिरवट आली. दुसरी नुसती काळी-करडी. दुकानात लावलेल्या पाट्यांवर विश्वास ठेवायचा नसेल तर चामडं ओळखण्याची ही रीत कुणालाही जमण्यासारखी आहे.

सालीचं झाड कुठलं, विचारलं. “आवारम्,” म्हणाला. पूर्वी त्याचीच साल वापरत, आता बहुतेक करून वॅटलची येते. आवारम् म्हणजे काय ते मला नाट्टु मरुंदुच्या, म्हणजे आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेली पिवळी फुलं बघितल्यावर समजलं. आपला तरवड! विट्याच्या माळावर ज्याला शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही आणि दसऱ्याच्या सुमारास जो पिवळाधमक फुलतो, तोच. आणि शेवटचा हात म्हणून या चामड्याला देतात तो हिरड्याचा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातले महादेव कोळी जो हिरडा गोळा करून विकतात, त्याचं मोठं गिऱ्हाईक कातडी कमावणारेच. पेरियमेटच्या गल्ल्यावर उभं राहून मला माझ्याच मुलखातली झाडं भेटली, आणि त्याचा झालेला आनंद मी लपवणार नाही.

याच गल्लीजवळ, पूनमल्ली हाय रोडवर, सरकारी कला महाविद्यालय आहे. १८५० साली निघालेलं मद्रास स्कूल ऑफ आर्ट्स ते हेच. तिथे आल्फ्रेड चॅटर्टन नावाचे इंग्रज इंजिनिअर होते. त्यांनी १८९८ साली याच शाळेत अ‍ॅल्युमिनियमची भांडी बनवायला सुरुवात केली. हिंदुस्थानातला अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांचा धंदा तिथून सुरू झाला असं मानतात. तो धंदा मार्गी लागल्यावर त्यांनी हाती घेतलं ते क्रोम चामडं. विहिरीवरच्या मोटेची कातडी पाण्यानं लवकर कुजते, क्रोमची टिकेल, हा त्यामागचा एक विचार. पुढे चेंबर्स नावाच्या उद्योजकानं पल्लावरमजवळ क्रोम लेदर कंपनी काढली आणि तिच्यावरून आमच्या क्रोमपेटला नाव पडलं. म्हणजे माझ्या खिशातली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि मी राहतो त्या पेठेचं नाव, दोन्हींचा माग एकाच माणसाच्या कारखानदारीपर्यंत जातो. आजोबांच्या विहिरीवर मोट होती. तिच्या सोंडेला दर एक-दोन वर्षांनी ठिगळ लावावं लागे असं वडील सांगत. चॅटर्टनना नेमकी हीच नड दिसली होती.

चामड्याची बाजू घेताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. वाणियंबाडी-राणीपेटच्या कारखान्यांच्या सांडपाण्यानं पालार नदीचं खोरं नासलं. वेल्लोरच्या नागरिकांच्या संघटनेनं केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली निकाल दिला. प्रदूषण करणाऱ्यानंच भरपाई द्यायची, आणि हानीची शंका असेल तिथे आधीच खबरदारी घ्यायची, ही तत्त्वं आपल्या कायद्यात पक्की झाली ती त्या निकालानं. दुकानमालकांच्या मुलानं हे टाळलं नाही. सालीच्या चामड्यात क्रोमियम नसतं, पण कातडी टिकवायला लागणारं मीठ त्यातही असतंच, आणि ते पाण्यात जातंच, असं त्यानं स्वतःहून सांगितलं. अ‍ॅल्युमिनियमही काही हवेतून येत नाही. एक किलो धातू गाळायला साधारण चौदा युनिट वीज लागते. माझ्या एकसष्ट ग्रॅमच्या पाकिटाला पाऊण युनिटाहून थोडी जास्त. त्यात बॉक्साइटच्या खाणी आणि लाल गाळ धरलेला नाही. माझं मत असं झालं की दोन्हींत निर्मळ कुठलंच नाही, तेव्हा जे दुरुस्त होत दहा वर्षं चालेल ते घ्यावं.

शेळीचं ईआय चामडं घेतलं, एक मिलिमीटर जाडीचं. दुकानाच्या मालकांनीच मागच्या गल्लीतल्या कारागिराकडे पाठवलं. वयस्क माणूस, माडीवरच्या एका खोलीत एकटा काम करतो. मी त्याला अण्णा म्हणत होतो, तो मला सार्. माझ्या अटी त्यानं ऐकून घेतल्या: पाचशेची नोट एकदाच दुमडून पूर्ण झाकली गेली पाहिजे, डाव्या अंगाला बाहेरून एकच कप्पा, मेट्रोच्या कार्डाचा, बँकेची कार्डं उजव्या अंगाला, पासाला आतून पातळ खण.

कार्डं दोन अंगांना ठेवण्याचं कारण हे की अ‍ॅपमध्ये टॅप बंद केलं तरी कार्डातली चिप गेटला साद देतच राहते. ती सोय बँकेच्या बाजूनं बंद होते, कार्डातून नाही. दोन कार्डं एकत्र टेकवली की गेट गोंधळतं. आता मी पाकीट उघडून नुसतं डावं अंग टेकवतो.

काम करताना मी तिथेच बसलो होतो. अण्णानं पत्र्याच्या मापानं तुकडे कापले. घडी जिथे येणार तिथे आणि कडांना, रापीनं चामडं आतून तासलं, इतकं की धरलं तर बोटाची सावली दिसावी. एक मिलिमीटरच्या दोन पदरांची कड अशानं एका पदराएवढी होते. पातळ पाकिटाचं सगळं कसब या तासण्यात आहे. मग आरीनं एकसारखी भोकं, मेण लावलेला दोरा, दोन टोकांना दोन सुया, एक डावीकडून आणि एक उजवीकडून त्याच भोकात. असं शिवल्यावर एक टाका तुटला तरी पुढचे उसवत नाहीत. शेवटी कडांना पाणी लावून लाकडाच्या गुळगुळीत दांडीनं घासलं. रंग नाही, लुकण नाही. घासून घासूनच कड चकाकायला लागली. चामड्यासकट सातशे रुपये झाले. मॉलमध्ये याहून महागात पीयूचं, म्हणजे नकली चामड्याचं, पाकीट मिळतं, ज्याचं वरचं आवरण इथल्या दमट हवेत एक-दोन पावसाळ्यांतच पोपडे धरून सुटतं. त्याला चामडं म्हणून विकतात हे मला सहन होत नाही.

वापरायला लागल्यावर काही गोष्टी कळल्या त्या सांगतो. पहिल्या महिन्यात कार्डं घट्ट बसतात, ओढताना नख लागतं. घाईनं कप्पा ताणायचा नाही. ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला की बंद कपाटातल्या चामड्यावर पांढरी बुरशी येते. रोज वापरातल्या पाकिटावर ती येत नाही, आणि आलीच तर कोरड्या फडक्यानं पुसून सावलीत, पंख्याखाली ठेवायचं. उन्हात कधीच नाही. एरंडेलाचं बोट वर्षातून एकदा, तेही पुसून घेतलेलं. गावाकडे कोल्हापुरी चपलेला जसं भरपूर तेल पाजतो तसं इथे केलं तर नोटांना डाग पडतील.

आणि लोखंडापासून जपायचं. एकदा पावसात किल्ल्या आणि पाकीट एकाच खिशात भिजली, तेव्हा किल्लीच्या आकाराचा निळसर काळा डाग उठला. सालीतलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटली की हे होणारच. हिरडा आणि हिराकस एकत्र करून पूर्वी शाई करत, ती याच न्यायानं. डाग गेला नाही, मी तो घालवायचा प्रयत्नही फारसा केला नाही.

घाम मात्र हे पाकीट शोषतं आणि सोडतं. संध्याकाळी टेबलावर उघडं ठेवलं की सकाळी कोरडं. पासाचा कागद वर्षभर शाबूत आहे. रंग बदामीवरून गुळासारखा झाला आहे, जिथे अंगठा लागतो तिथे जास्त गडद. सगळं भरून जाडी बारा मिलिमीटरच्या आत राहते, आणि ते पुढच्या खिशात असतं. पायाची कळ गेली आहे. त्याचं श्रेय चामड्याला नाही, खिसा बदलण्याला आणि डॉक्टरांनी शिकवलेल्या व्यायामाला आहे. धातूचं पाकीट पुढे ठेवलं असतं तरी ती गेलीच असती.

अ‍ॅल्युमिनियमचं पाकीट मी कुणाला देऊन टाकलं नाही. त्यात न लागणारी दोन कार्डं, पॅन आणि आधार असं सगळं ठेवलं आहे, आणि पावसाळ्यात जी पिशवी दाराशी भरून ठेवतो तिच्यात ते असतं. पाणी घरात शिरलं तर पहिली उचलायची ती पिशवी. ज्याच्याजवळ फक्त कार्डं असतात, जो गाडीतून फिरतो, रोख बाळगत नाही, त्यानं धातूचंच घ्यावं असं मी आजही सांगेन. लोकल, मेट्रो, भाजीबाजार आणि नोटा असं ज्याचं आहे त्यानं चेन्नईत असेल तर पेरियमेटला जावं, कडेची रेघ बघावी, धांदोटी जाळून बघावी आणि मग बोलावं.

भाच्याला फोटो पाठवला तेव्हा त्यानं लगेच फोन केला. “मामा, मलाही एक करून घ्या ना.” डॉलरची नोट १५६ मिलिमीटर लांब असते, आपल्या पाचशेपेक्षा सहानं जास्त. अण्णाला ते सांगून आलो आहे. तो म्हणाला, पोंगलनंतर या, सणाआधी हाताला वेळ नाही.